फळीची किंमत

हातभर रुंदीची सागवानी फळी घ्यावयास वखारीत गेलेला गृहस्थ दर ऐकून बहुधा बेत बदलूनच परततो. शिसवीची तर गोष्टच नको. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत. ही महागाई केवळ व्यापाऱ्याच्या लोभाने होते, असे आपण सहज म्हणतो. इतिहास मात्र आणखी काही सांगतो.

रुंद फळीला जाड बुंधा हवा, आणि बुंधा जाड होण्यास काळ हवा. लागवडीचा सागही तोडीस येण्यास साठ-ऐंशी वर्षे घेतो. कापलेले लाकूड सावलीत वाळवावयाचे, तर इंचभर जाडीला एक वर्ष असा ठोकताळा आहे. त्यातही काही फळ्या तडकतात. आजोबाने लावलेले झाड नातवाने विकावे, असा हा व्यवहार होय.

हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी सागासारखी झाडे परवानगीने तोडावी असे सांगितले. पण रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसांना हात लावू नये, जीर्ण झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून द्रव्य द्यावे, असेही बजावले. गरज राज्याची असली तरी झाडामागचे कष्ट त्यांनी हिशेबात धरले.

पुढे इंग्रजी अमदानीत १८६५ व १८७८ चे वनकायदे आले. जंगल राखले गेले हे खरे. परंतु ते सरकारी उत्पन्नाचे साधन झाले आणि गावकरी परका ठरला.

या प्रश्नाचा विचार आमच्या वर्ध्यात झाला, हे आपण विसरू नये. १९३४ साली येथे ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे जे. सी. कुमारप्पा यांनी जंगलाची आखणी भोवतालच्या गावांच्या गरजेवर करावी, असे मांडले. इमारती लाकडाचे जंगल दूरदृष्टीने राखावे. सरपण व गवताचे जंगल लोकांना फुकट अथवा नाममात्र दराने मोकळे असावे. १९३६ साली गांधीजी शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास गेले. घराला शंभर रुपयांहून अधिक खर्च नको आणि साहित्य जवळपासचेच हवे, ही त्यांची अट होती. माती, बांबू, साधे लाकूड आणि कवेलू यांचे ते घर आजही उभे आहे.

तेव्हा दुर्मिळ फळी महाग असावी याची आम्हास खंत नाही; शंभर वर्षांचे झाड स्वस्तात जाऊ नये. खंत वाटावी ती गावच्या सुताराला वखराचे लाकूडही परवडेनासे झाले तर. पहिली महागाई जंगल वाचविते. दुसरी गाव मोडते.