कातळाची प्रत आणि खाणकामाचे कष्ट

खरवईतून चंदेरी-माथेरानच्या डोंगरांकडे पाहिले की कड्यांवर आडवे थर दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि हा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, तयार झाला. आपल्या घरांची खडी आणि आपली बुद्धलेणी, दोन्ही याच दगडाची. मात्र सगळा कातळ सारखा नसतो.

घट्ट बसाल्ट : कठीण, वजनदार. खडीसाठी उत्तम. त्यात बहुधा उभ्या-आडव्या भेगा असतात.

पोकळ्यांचा बसाल्ट : लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पांढरी खनिजे भरलेली असतात. तुलनेने नरम, पण भेगा कमी.

ब्रेक्शिया : ज्वालामुखी दगडाचे तुकडे एकत्र घट्ट झालेला खडक. कान्हेरीची लेणी यात कोरली आहेत.

लाल थर : दोन लाव्हाथरांमधला मातकट, कमकुवत पट्टा. पाण्याने लवकर झिजतो.

मुरूम : झिजलेला खडक. कुदळीने निघतो.

कष्ट कशावर ठरतात?

फक्त कठीणपणावर नाही, भेगांवरही. भेगा असतील तर घट्ट दगडही पहारेने सुटतो. अखंड कातळाला सुरुंग लावावा लागतो. म्हणजे खाणीत भेग मदत करते. लेण्यात तीच भेग घातक ठरते, कारण तिच्यातून पाणी झिरपते आणि छत किंवा खांब निखळतो. म्हणून ‘चांगला दगड’ कोणता, हे कामावर ठरते.

कर्जतजवळचे कोंडाणे लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कोरले गेले. लेणे वरून खाली कोरत. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. अजिंठ्याच्या अपूर्ण २४ क्रमांकाच्या लेण्यात ही पद्धत आजही पाहता येते.

मजुराचा प्रश्न

दगड ब्रासवर मोजतात; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मजुरीही नुसत्या ब्रासवर ठरली, तर घट्ट दगडाचा जास्तीचा वेळ आणि थकवा मजुराच्या माथी पडतो, आणि त्याच दगडाला मिळणारा चांगला भाव मालकाकडे जातो. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार समाजाने हे सोसले आहे. धूळ फुफ्फुसात जाते, ती वेगळीच.

तेव्हा खाणीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : दगड कोणता, दर कसा ठरला, आणि धुळीवर पाणी मारले जाते का? लेण्यांची सहल काढताना तरुणांनीही छताकडे पाहताना तो कातळ फोडणाऱ्या हातांची आठवण ठेवावी.