दुहेरी नागरिकत्व आणि करविवरण (सोहार, ओमान)

दुहेरी नागरिकत्व आणि करविवरण : एकाच व्यक्तीकडे दोन देशांचे नागरिकत्व असल्यामुळे, किंवा एका देशाचे पारपत्र घेऊन दुसऱ्या देशात राहिल्यामुळे, तिच्यावर येणारी कराची, विवरणपत्राची व नागरी नोंदणीची बंधने. उत्तर ओमानमधील सोहार येथे हा विषय घरोघरी निघतो. मस्कतपासून सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या या जुन्या व्यापारी शहरात २००४ मध्ये नवे बंदर सुरू झाले. त्याच्या आसपास तेलशुद्धीकरण, अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांत व तंत्रज्ञांत मराठी माणसेही आली. त्यांच्या बोलण्यात 'दुहेरी' हा शब्द सैलपणे वापरला जातो. कोणी परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला दुहेरी नागरिकत्व म्हणतो, कोणी ओमानच्या रहिवासी कार्डाला. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे, की परदेशस्थ भारतीयाच्या बंधनांना दोन वेगळ्या खुंट्या आहेत. एक नागरिकत्वाची, दुसरी वास्तव्याची. कोणते बंधन कोणत्या खुंटीला टांगले आहे हे न पाहिल्यानेच बहुतेक चुका आणि भुर्दंड उद्भवतात.

नागरिकत्वाच्या बाबतीत दोन्ही देश कडक आहेत. भारतीय राज्यघटनेचे कलम ९ आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ याचे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी कोणत्याही आदेशाची गरज नसते. जुने भारतीय पारपत्र जमा करणे हे त्यापुढचे कर्तव्य असते, आणि ते वापरत राहिल्यास दंड होतो. ओमाननेही २०२५ च्या नव्या राष्ट्रीयत्व कायद्यात दुहेरी राष्ट्रीयत्वाला मनाई केली असून सुलतानी फर्मानाने मिळणारी परवानगी हाच अपवाद ठेवला आहे. मूळ कच्छच्या खिमजी घराण्यातील कनकसी खिमजी ओमानचे नागरिक झाले आणि त्यांना 'शेख' ही पदवी मिळाली, हे सर्वांना माहीत आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या मस्कतमध्ये पेढी चालवणाऱ्या व्यापारी घराण्याची ती गोष्ट आहे. कंत्राटावर आलेल्या अभियंत्यापुढे तो मार्ग व्यवहारात नसतो. तो तीस वर्षे सोहारमध्ये राहिला तरी त्याचा मुक्काम रहिवासी परवान्याच्या नूतनीकरणावरच अवलंबून असतो.

ओसीआय कार्ड म्हणजे भारतात येण्याजाण्याची व राहण्याची आजीवन मुभा. त्यात मतदानाचा हक्क नाही, निवडणूक लढवता येत नाही. कोकणात कलमांची बाग विकत घ्यायची म्हटली तर ओसीआयधारकाला ती घेता येत नाही, कारण शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस यांच्या खरेदीला परकीय चलन कायद्याखाली बंदी आहे. वारसाहक्काने मात्र मिळू शकते. पण हीच बंदी सोहारमध्ये राहणाऱ्या, भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या मराठी माणसालाही आहे, आणि ही गोष्ट पुष्कळांना जमीन पाहून झाल्यावर, कधी विसार दिल्यावर कळते. बंदी वास्तव्याच्या खुंटीला आहे, नागरिकत्वाच्या नव्हे. मतदानाचे याच्या उलट आहे. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येते. मात्र मतदान करायला त्याने स्वतः पारपत्र घेऊन गावच्या केंद्रावर यावे लागते.

कर हा विषय परंपरेने मुख्यतः दिवसांच्या हिशेबावर चालत आला आहे. भारतीय कायदा माणूस कुठला नागरिक आहे यापेक्षा तो वर्षात किती दिवस भारतात होता हे विचारतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांची मुभा आहे. सुट्टीवर येणाऱ्यालाही तीच. फक्त भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर २०२० पासून ही मर्यादा, मागील चार वर्षांत एकूण ३६५ दिवस भारतात काढलेले असल्यास, १२० दिवसांवर आली आहे. म्हणून पारपत्रावरचे शिक्के हाच करदात्याचा पहिला पुरावा आहे. गणपतीला आलो, मग मुलीच्या लग्नाला आलो, वडिलांच्या आजारपणात राहिलो, असे दिवस साठत जातात आणि मार्चअखेर बेरीज अंगावर येते. आल्याचा व गेल्याचा असे दोन्ही दिवस धरून हिशेब ठेवणे सुरक्षित.

अनिवासी ठरलेल्या माणसाच्या सोहारमधील पगारावर भारतात कर नाही. इथून एक घातक निष्कर्ष काढला जातो, की आपल्याला रिटर्नच भरायचे नाही. एक साधे उदाहरण घ्यावे. पुण्यातील सदनिका महिना २५ हजार रुपयांनी भाड्याने दिली आहे. मालक अनिवासी असल्यामुळे भाडेकरूने उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे दरमहा ७,८०० रुपये कापून सरकारजमा केले पाहिजेत. वर्षाचे झाले ९३,६००. प्रत्यक्षात तीन लाखांच्या भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की करपात्र रक्कम उरते २ लाख १० हजार, आणि दुसरे उत्पन्न नसल्यास ती नव्या करप्रणालीतील चार लाखांच्या मर्यादेच्या आत येते. देणे शून्य. पण ९३,६०० रुपये परत मिळण्याचा विवरणपत्र हा एकच मार्ग आहे. शिवाय वर्षात २५ हजारांहून अधिक टीडीएस, म्हणजे असा उगमाशीच कापलेला कर, गेला असल्यास उत्पन्न मर्यादेखाली असले तरी २०२२ पासून ते भरणे सक्तीचे आहे. सोसायटीतला भाडेकरू ही कपात करत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. मालकालाही ती कटकट नको असते. दोघेही कायद्याच्या कचाट्यात येतात, आणि पहिली नोटीस भाडेकरूला जाते. बँकेतील ठेवींचे असेच आहे. परदेशातील कमाई ठेवण्याच्या एनआरई खात्यावरील व्याज करमुक्त, भारतातील उत्पन्न जमा होणाऱ्या एनआरओ खात्यावरील व्याजावर ३० टक्के व उपकर. भारत व ओमान यांच्यातील १९९७ च्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराने व्याजावरील भारतीय कराची मर्यादा १० टक्के ठेवली आहे. पण ती मिळण्यासाठी ओमानच्या कर प्राधिकरणाचा निवासी दाखला लागतो. तो मिळवण्याचा खटाटोप फार थोडे करतात.

दोन्ही खुंट्या एकमेकींना बांधल्या गेल्या त्या २०२० च्या वित्त अधिनियमाने. भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक असलेला आणि वास्तव्यामुळे दुसऱ्या कोणत्याही देशात करास पात्र नसलेला भारतीय नागरिक, एकही दिवस भारतात न राहता, भारताचा निवासी मानला जाऊ लागला. ओमानमध्ये व्यक्तीच्या पगारावर कर नसल्याने सोहारसारख्या गावी ही तरतूद थेट लागते. मूळ विधेयकात १५ लाखांची अटही नव्हती. आखातात कल्लोळ झाल्यावर २ फेब्रुवारी २०२० रोजी अर्थखात्याने खुलासा केला, की प्रामाणिकपणे बाहेर काम करणाऱ्यांच्या पगारावर कर लावण्याचा हेतू नाही. आजही असा माणूस 'निवासी पण सामान्यतः निवासी नव्हे' या वर्गात मोडतो आणि भारतातून चालवलेला व्यवसाय सोडता त्याचे परदेशी उत्पन्न करमुक्त राहते. पण तत्त्व बदलले ही गोष्ट लहान नाही. प्रथमच केवळ पारपत्र हे करनिवासाचे कारण ठरले. याच्या समर्थनार्थ सांगितले जाते, की राज्य परदेशातील नागरिकाचे रक्षण करते, २०१५ मध्ये त्याने युद्धग्रस्त येमेनमधून हजारोंना सुखरूप आणले, तेव्हा नागरिकानेही काही द्यावे. युक्तिवाद वजनदार आहे, तरी अपुरा आहे. रक्षण हे नागरिकत्वाचे फळ आहे आणि ते गरीब मजुरालाही मिळते; कर हा सार्वजनिक सोयींच्या वापराचा व उत्पन्नाच्या उगमाचा मोबदला आहे. भारतात उगम पावलेल्या उत्पन्नावर अनिवासी कर देतोच.

नागरिकत्वावर कर लावण्याचे टोक पाहायचे तर अमेरिका पाहावी. जगात कुठेही राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला विवरणपत्र भरावे लागते, आणि परदेशी खात्यांत मिळून दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम असल्यास तेही कळवावे लागते. आईवडील अमेरिकेत शिकत किंवा नोकरी करत असताना तिथे जन्मलेले मूल सोहारमध्ये वाढले, मोठे होऊन कमावू लागले, तरी ही जबाबदारी त्याच्या मागे असते. भारत व अमेरिका यांच्यातील २०१५ च्या माहिती-देवाणघेवाण करारामुळे त्याचे भारतीय बँकखातेही कळवले जाते. त्या व्यवस्थेचा सगळा भार कागदांचा आहे; भारताने तिकडे झुकू नये.

ओमानची करमुक्तीही आता कायमची नाही. जून २०२५ च्या फर्मानाने वार्षिक ४२,००० रियालांहून अधिक उत्पन्नावर ५ टक्के व्यक्तिगत कर १ जानेवारी २०२८ पासून लागू होईल. बहुतेक मराठी नोकरदार त्या मर्यादेच्या खूप खाली आहेत. ज्याला कर शून्य आहे तो ओमानमध्ये 'करास पात्र' आहे की नाही, यावर तो भारताचा निवासी मानला जाईल की नाही हे ठरेल. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही हे सूत्र कायम असल्याने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने आधीच स्पष्ट परिपत्रक काढावे, ही मागणी रास्त आहे.

नागरी नोंदणीचे बंधन मात्र नागरिकत्वाच्या खुंटीला आहे. सोहारमध्ये भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मणाऱ्या मुलाची नोंद एक वर्षाच्या आत मस्कतच्या भारतीय दूतावासात करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे लिहून द्यावे लागते. वंशाने भारतीय असलेल्या अल्पवयीनाला जन्मामुळे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व लाभले असेल, तर भारतीय कायदा ते तेवढ्यापुरते चालवून घेतो. सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्याने परदेशी नागरिकत्व सोडले नाही, तर तो भारतीय नागरिक राहत नाही.