केडगाव येथील अंधशिक्षण

पुणे जिल्ह्यातील अंध स्त्रियांच्या शिक्षणाचा एक प्रारंभीचा प्रयत्न. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी स्थापिलेल्या मुक्ती सदनात तो विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव हे गाव आज दौंड तालुक्यात असून त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. हा प्रदेश पर्जन्यछायेतील व वारंवार दुष्काळाने गांजलेला. भीमेपलीकडील शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. त्याच मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये मुंबईस अंधांची शाळा काढली.

रमाबाईंच्या या कार्यास त्यांच्या स्वतःच्या अनुभवाची पार्श्वभूमी होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. १८८३ मध्ये वैद्यकाच्या अध्ययनासाठी त्या इंग्लंडला गेल्या. परंतु बहिरेपणामुळे त्यांना तो विचार सोडावा लागला. चेल्टनम येथील महाविद्यालयात त्यांनी अध्ययन केले व संस्कृत शिकविले. पुढे अमेरिकेत त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. १८८७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले आणि त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांची व्यवस्था केडगावच्या शेतजमिनीवर करावी लागली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. त्यांत अंध मुलीही होत्या. उपासमारीतील अ जीवनसत्त्वाचा अभाव आणि देवी ही त्या काळातील बालवयातील अंधत्वाची प्रमुख कारणे होत. दुष्काळ व अंधत्व यांचा संबंध त्यामुळे निकटचा होता.

रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई (१८८१–१९२१) यांनी ब्रेल पद्धती आत्मसात करून या मुलींना वाचन-लेखन शिकविले. वाचनाच्या जोडीला हस्तव्यवसायही होते. अंध स्त्री ही केवळ पोसण्याची व्यक्ती नसून शिकून इतरांना शिकवू शकते, ही गोष्ट येथे व्यवहारात आणली गेली. या प्रयोगाचे खरे महत्त्व यातच आहे. मात्र भारतीय भाषांसाठी ब्रेलच्या निरनिराळ्या संकेतपद्धती प्रचलित होत्या. एका पद्धतीत शिकलेल्यास दुसरीतील पुस्तक वाचता येईना. हा गोंधळ १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारल्यानंतर संपला.

या कार्यास मर्यादाही होत्या. शारदा सदनात धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे आश्वासन होते. तेथील ख्रिस्ती प्रभावावरून १८९३ मध्ये वाद माजला व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. परिणामी तेथील अंधशिक्षणाचे अनुकरण भोवतालच्या गावांतील शाळांत झाले नाही. पुणे शहरात अंधशाळा निघाली ती १९३४ मध्ये.

अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेतच शिकविण्याची केंद्र शासनाची योजना १९७४ पासूनची. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यास अनुसरून झालेल्या २०१६ च्या अधिनियमाने किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना नजीकच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.