मृत्यूनंतरचे निदान

निदान व्हावे तेव्हा रुग्णच हयात नसावा, असा एक दीर्घ काळ मेंदूविकारांच्या इतिहासात होऊन गेला. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याला कॉर्पस कलोझम म्हणतात. १९०३ साली एत्तोरे मार्कियाफावा आणि आमिको बिन्यामी या इटालियन वैद्यकांनी शवविच्छेदनात काही मद्यपींच्या मेंदूतील हा पट्टा मधल्या थरात नष्ट झालेला पाहिला. हिवतापाच्या संशोधनातही या दोघांची नावे घेतली जातात.

पुढे बराच काळ हा तांबडी वाइन पिणाऱ्या इटालियनांचा रोग समजला गेला. आपण संहिता वाचताना करतो तीच ही चूक: पहिल्या उदाहरणाचा तपशील आपण नियम मानतो. नंतर इतर देशांत, इतर मद्ये पिणाऱ्यांत, क्वचित मद्य न घेणाऱ्या कुपोषितांतही तो आढळला, आणि संशय ब गटातील जीवनसत्त्वांच्या अभावाकडे वळला.

१९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. पुढे एमआरआय आले. ऊतींमधील पाण्याचा फरक टिपणाऱ्या या तंत्राने श्वेतद्रव्यातील विकृती जिवंतपणीच दिसू लागली: वरखाली शाबूत कडा, मध्ये बिघडलेला थर. वेळीच थायमिन मिळालेले काही रुग्ण सुधारलेही.

मात्र प्रतिमा जखम दाखवते, तिच्यामागची उपासमार दाखवत नाही. ती जाणून घ्यायला रुग्णाला विचारावेच लागते. यंत्र आले तरी वाचकाची जबाबदारी संपत नाही, हेच आम्हाला या इतिहासात महत्त्वाचे वाटते.