पहिला लेथ कशावर घडला?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिरले की लेथचा आवाज पाठ सोडत नाही. लेथचे स्क्रू आणि दांडे लेथवरच कातलेले असतात. मग पहिला लेथ कशावर कातला, असे वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारतोच. आम्ही त्याला विरजणाची आठवण करून देतो. दही लावायला दही लागते, आणि मूळ विरजण कुणाला आठवत नाही! संगणकाच्या इतिहासात मात्र ते शोधता येते.

कंपायलर म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या भाषेतली आज्ञावली यंत्राच्या शून्य-एकच्या भाषेत उतरवणारा अनुवादक. तोही एक आज्ञावलीच. मग त्याचा अनुवाद कोण करणार?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा भारतात घडवलेला संगणक कार्यान्वित झाला. निर्वात नळ्यांचे यंत्र, स्मृती १०२४ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. जगात या यंत्राला जुळे भावंड नव्हते, म्हणून त्याच्यासाठी तयार अनुवादक कुठून उसना आणता येणार नव्हता. आज्ञा यंत्रभाषेत लिहाव्या लागत. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला, आणि फोरट्रान जाणणाऱ्याला यंत्राच्या पोटात डोकावण्याची गरज उरली नाही. सोय मोठी होती. पण अनुवादक कसा घडतो हा प्रश्न त्या सोयीखाली झाकला गेला, असे आम्हाला वाटते.

तिकडे अमेरिकेत १९६२ मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. लिस्पच्या आज्ञा एकेक वाचून पाळणारी आज्ञावली, म्हणजे इंटरप्रिटर, आधीच होती. तिच्या आधाराने नवा कंपायलर चालवला आणि त्याला त्याचाच मजकूर अनुवादाला दिला. तो तयार झाल्यावर जुन्या आधाराची गरज उरली नाही. कानशीने घासलेल्या लेथवर चांगला लेथ कातावा, तसेच हे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर मूळ मजकुरासह सर्वांना खुला केला. तो स्वतः घडवायचा तर तीन फेऱ्या होतात. यंत्रावर असलेल्या कोणत्या तरी कंपायलरने पहिली प्रत बनते. ती प्रत तोच मजकूर घेऊन दुसरी बनवते, आणि दुसरी तिसरी. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतल्या फायली बाइटगणिक ताडून पाहतात. पहिली प्रत यातून वगळण्याचे कारण उघड आहे: ती परक्या हाताने घडलेली असते, तेव्हा तिची ठेवण वेगळी असू शकते. पुढच्या दोन प्रती मात्र एकाच मजकुराच्या आणि एकाच पद्धतीने घडलेल्या. त्यांत फरक निघाला तर कुठेतरी चूक आहे.

पण जुळल्या म्हणजे निर्दोष का? नाही. केन थॉम्पसन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले, की मूळ कंपायलरमध्ये कुणी लबाडी पेरली असेल तर ती प्रत्येक नव्या प्रतीत आपोआप उतरते. मजकूर कितीही वाचा, त्यात ती सापडत नाही. विरजणच बिघडले, तर दूध तपासून काय कळणार? यावर डेव्हिड व्हीलर यांनी सुचवलेला मार्ग असा: कंपायलरचा मजकूर दुसऱ्याच घराण्याच्या कंपायलरने घडवावा, त्या प्रतीने तोच मजकूर पुन्हा घडवावा, आणि निघालेली प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहावी.

आता टिफ्रॅकसारखे यंत्र अगदीच नवे असेल, तर? आज त्यासाठी उसने विरजण मिळते. एका यंत्रावर चालून दुसऱ्या यंत्राच्या आज्ञा काढणारा कंपायलर आधी घडवतात. त्यासाठी जीसीसीला नव्या यंत्राचे वर्णन लिहून द्यावे लागते. शब्द किती बिटांचा, कोणत्या आज्ञा आहेत, संख्येचा कोणता बाइट आधी ठेवायचा, हे सारे सांगावे लागते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीवर कार्यशाळा घेतल्या. तिथे शिकणारे आधी जीसीसी मजकुरापासून घडवत, आणि मग एका छोट्या यंत्राचे वर्णन टप्प्याटप्प्याने वाढवत नेत.