जुनी अकरावी, नवी दहावी

माझे बाबा आणि माझी आत्या एकाच वर्षी एसएससी झाले. मार्च १९७५. आत्या बाबांपेक्षा एका इयत्तेनं पुढे होती, आणि ती कधी नापासही झाली नव्हती. मग एकाच वर्षी कसे? मला हे कोडं इतकी वर्षं पडलंच नव्हतं. घरातल्या गोष्टी आपण गृहीतच धरतो. ऑफिसमधे मात्र एक आकडा जुळला नाही की रात्री बारापर्यंत लॉग वाचत बसतो!

कोडं पडलं मे २०२५ मधे. बाबांच्या शाळेत पन्नास वर्षांचा स्नेहमेळावा होता आणि जुने फोटो स्कॅन करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं ("तू कॉम्प्युटरमधला ना?"). आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या अलीकडे. खेडं म्हणावं तर आठवडी बाजार आहे, शहर म्हणावं तर बाजार सोडून काहीच नाही. फोटोंच्या गठ्ठ्यासोबत शाळेच्या कपाटातून एक हस्तलिखित निघालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या काळी शाळेतली मुलं कागदावर सुंदर अक्षरात लेख-कविता उतरवून, चित्रं काढून, शिवून एकच प्रत तयार करत आणि ती भिंतीपाशी टेबलावर ठेवत. आवृत्ती एक, प्रत एक, बॅकअप शून्य. या हस्तलिखितात शेवटची बारा पानं होती 'मी कोण होणार' या सदराची, आणि त्यात दोन भाग होते. 'इयत्ता अकरावी' आणि 'इयत्ता दहावी'. दोघांनाही निरोप एकाच दिवशी.

तर झालं होतं असं. तोपर्यंत महाराष्ट्रात शाळा अकरा वर्षांची होती. अकरावीला एसएससी, मग कॉलेजात पदवीपूर्व एक वर्ष, मग तीन वर्षं पदवीची. कोठारी आयोगानं (१९६४ ते ६६) सगळ्या देशाला एकच आकृतिबंध सुचवला, १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात तो आला आणि महाराष्ट्रानं तो उचलला. दहा अधिक दोन अधिक तीन. बेरीज जुनी काय, नवी काय, पंधराच. फक्त रेघ एक वर्ष अलीकडे ओढली. पण रेघ ओढताना कुठेतरी दोन इयत्ता एकमेकांवर आदळणारच. आपण जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू करतो तेव्हा काही दिवस दोन्ही चालू ठेवतो ना, तसं ते वर्ष. मार्च १९७५ ला जुन्या अकरावीची शेवटची नियमित बॅच बसली आणि नव्या दहावीची पहिली. राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलातून त्या उन्हाळ्यात दोन वर्ग बाहेर पडले.

नवा अभ्यासक्रम या पहिल्या दहावीला आठवीपासून लागला, म्हणजे जून १९७२. हे साल दुष्काळी भागातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. बाबांच्या आठवणीत आठवी म्हणजे नवीन गणिताचे संच आणि मिलोची लाल भाकरी, एकत्रच. वर्ग निम्मा रिकामा असायचा, कारण मुलं आईबापाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आमचे आजोबा, आजी आणि सुट्टी होती म्हणून ही दोन भावंडंही. कामावर सुकडी मिळायची. बाबा अजून सुकडीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. आत्या म्हणते तिला आवडायची.

हे सगळं सांगायचं कारण, ते हस्तलिखित वाचताना हा दुष्काळ पानापानांतून डोकावतो. आणि मला वाटलं होतं सगळ्यांनी 'देशसेवा' लिहिलं असेल! तशी लिहिलीय काहींनी. पाचसहा जणांना मिलिटरीत जायचं होतं, १९७१ चं युद्ध झालं तेव्हा ही पोरं सातवी-आठवीत होती. तिघांना ड्रायव्हर व्हायचं होतं, एसटीचाच, ट्रकचा नाही (असा स्पष्ट उल्लेख आहे). एकानं लिहिलंय, 'मी गलाईला जाणार, चुलते कलकत्त्यात आहेत.' याला स्वप्न म्हणावं की नोटीस, कळत नाही. आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर जातात. सराफाकडचं जुनं सोनं वितळवून, ॲसिडात घालून शुद्ध करून द्यायचं. केरळपासून बंगालपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्यावर मराठी ऐकू आली तर तो माणूस बहुधा आमच्याकडचा. शेतात पाणी नाही म्हणून सोन्यात हात.

बाबांचं पान: 'मी इंजिनिअर होऊन कोयनेसारखे धरण बांधणार व आपल्या तालुक्यास पाणी देणार.' ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा बाबा तिसरीत होते. आजीनं उचलून अंगणात आणून टाकलं, आणि सकाळी मास्तर म्हणाले की धरण मात्र टिकलं. तेव्हापासून इंजिनिअर म्हणजे काय हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

आत्याचं पान अकरावीच्या भागात आहे, दोनच ओळींचं. 'मी बँकेत कॅशियर होणार. कारण ते काम बसून असते आणि डोक्यावर पंखा असतो.'

मी हे मोठ्यानं वाचलं आणि खो खो हसलो. बाबा हसले नाहीत.

१९६९ मधे बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या दोनचार वर्षांत आडगावांतही शाखा आल्या. आत्यानं बँक पहिल्यांदा बघितली ती आजोबांच्या कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायला गेली तेव्हा. त्याआधीचा उन्हाळा तिचा खडीवर गेला होता. चौदा वर्षांच्या मुलीनं कडक उन्हात उभं राहून काढलेला उन्हाळा आणि मग तो पंखा. आता पुन्हा वाचून बघा त्या दोन ओळी. मला तरी दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

जून १९७५ ला दोघांचे निकाल लागले. आत्याला फर्स्ट क्लास, गणितात वर्गात पहिली. बाबा सेकंड क्लास. गावात पुढची सोय नव्हती, म्हणजे सांगलीला ठेवायचं, खोलीचं भाडं, मेसचे पैसे. जुनीच पद्धत राहिली असती तर त्या जूनला आत्या एकटीच शाळेतून बाहेर पडली असती, बाबा अजून एक वर्ष गावातच शिकले असते, घरची भाकरी खाऊन. एक वर्षाची उसंत. आजोबांना तेवढ्यात काही जमवता आलं असतं का, ती एक म्हैस विकली असती का, की तरीही मुलगी म्हणून 'नको' म्हणाले असते? मी आजोबांना जेवढं ओळखायचो त्यावरून शेवटची शक्यता नाकारता येत नाही. पण ते एक वर्ष मिळायलाच हवं होतं, निदान नकार द्यायला तरी. प्रत्यक्षात एकाच आठवड्यात दोन गुणपत्रिका घरात आल्या आणि पैसे एकाचेच होते. कुणाचे, ते सांगायला नकोच.

आत्याचं लग्न १९७६ मधे झालं. नवरा गलाईतला, दुकान त्रिशूरला. 'जुनी अकरावी फर्स्ट क्लास' हे स्थळ बघताना सांगितलं गेलं होतं म्हणे, आणि सासऱ्यांना त्याचं कौतुक होतं.

बाबांचं सांगावं तर, ते १९७७ ला बारावी झाले, राज्यातली बारावीचीही पहिलीच बॅच. आमच्या भागात इंजिनिअरिंग म्हणजे सांगलीचं वालचंद, कऱ्हाडचं सरकारी, फार तर पुणे. मोजक्या जागा, बाबांचे मार्क कमी. डीएड करून ते प्राथमिक शिक्षक झाले. पुढे १९८३ ला मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि आमच्या जिल्ह्यात माळरानावर कॉलेजं उगवली. सहा वर्षं उशीर झाला बाबांना. मी अशाच एका माळरानावरच्या कॉलेजचा. मी शेंडेफळ, फी भरेपर्यंत बाबांचा रिटायरमेंटचा पैसा आलेला होता. कोयनेसारखं धरण वगैरे काही मी बांधलेलं नाही. मी एका परदेशी विमा कंपनीच्या रिपोर्टमधले कॉलम जुळवतो. आमच्या तालुक्यात पाणी आलं ते टेंभू योजनेचं, आणि तेही बाबांच्या पन्नाशीनंतर. असो.

मेळाव्याला आत्या त्रिशूरहून आली, दोन दिवस रेल्वेत बसून. तिला ते पान दाखवलं. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "पंखा हाय की आता, दुकानातबी हाय." चाळीस वर्षं दुकानाचा हिशोब तिनंच बघितला हे मला तेव्हा कळलं. मल्याळममधे आकडे घालते, बेरीज मात्र मनात मराठीत करते. मी विचारलं, तुला राग आला होता का गं तेव्हा? तिनं बाबांकडे बघितलं. बाबा खुर्च्या मोजायला निघून गेले.

फोटोच्या वेळी भांडण झालं. पुढच्या खुर्च्यांवर कुणी बसायचं? नव्या दहावीवाल्यांचं म्हणणं, दोघंही मार्च ७५, आपण बरोबरीचे. आत्या उठली, पहिल्या रांगेत बसलेल्या एका रिटायर्ड सुभेदाराला म्हणाली, "ऊठ, तू दहावी. आम्ही अकरावी हाय." तो उठला. बाबाही आपणहून मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले, बरोबर तिच्या खुर्चीमागे. फोटोत त्यांचे डोळे मिटलेत. दुसरा काढू म्हणालो तर आत्या म्हणाली, राहू दे, हाच पाठव.