हायलँडरचे दप्तर: कार्यकर्ते घडवणारी शाळा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, माँटीगल गावाजवळ, 1932 साली माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी हायलँडर लोकशाळा सुरू केली. 29 मार्च 2019 च्या पहाटे नंतर न्यू मार्केटला हललेली तिची मुख्य कचेरी जळाली आणि काही दशकांचे दप्तर गेले. पण जुन्या कागदांचा मोठा भाग विस्कॉन्सिनच्या इतिहाससंस्थेत आधीच पोचला होता. रोझा पार्क्स यांची हस्तलिखित टिपणे काँग्रेस ग्रंथालयात आहेत. शाळेच्या विरोधकांनी जमवलेले कागदही टिकले आहेत. कार्यकर्ता कसा घडतो, याचा माग त्यांतून काढता येतो.

सुरुवातीचा भर कामगारांवर होता. धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांच्या शाळेसाठीच्या 1932 च्या निधीपत्रात जहाल कामगार पुढारी तयार करण्याचा हेतू उघड मांडलेला आहे. त्याच वर्षी विल्डरच्या कोळसाखाणीतल्या संपात हॉर्टन यांना अटक झाली. त्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे आरोप असा होता: इथे येऊन माहिती गोळा करणे आणि परत जाऊन ती शिकवणे. शाळेची पद्धत खरोखर तीच होती. 1937 पासून सीआयओ या महासंघाच्या युनियनांशी तिचे घट्ट नाते जुळले. सभा चालवणे, भाषण, पत्रके, चळवळीचा इतिहास, नाटक हे सारे तिथे शिकवले जाई. पण सुरुवात होई ती शिबिरार्थींच्या अडचणींपासून. आपल्या गिरणीत काय अडले ते मांडायचे, इतरांचे अनुभव ऐकायचे आणि परतल्यावर काय करणार ते ठरवून उठायचे.

1955 च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स इथे दोन आठवड्यांच्या शिबिराला आल्या. विषय होता शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी. दमल्यामुळे बसमध्ये जागा न सोडणारी शिवणकाम करणारी बाई, ही त्यांची लोकप्रिय प्रतिमा कागदांपुढे टिकत नाही. 1943 पासून त्या एनएएसीपी या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस होत्या. हायलँडरने त्यांना घडवले, हेही तितकेच अपुरे आहे. शिबिराच्या अखेरीस त्यांना गावातल्या लोकांच्या एकजुटीचा भरवसा नव्हता. तरुणांमध्ये काम करीन, एवढेच त्यांनी सांगितले. 1 डिसेंबरला बसमधली जागा न सोडल्याबद्दल त्यांना अटक झाली. त्या रात्रीच जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी बसवरच्या बहिष्काराची पत्रके छापायला घेतली, कारण त्यांची महिला-संघटना आधीपासून तयार होती. हायलँडरचा वाटा वेगळा होता: गोऱ्यांसोबत बरोबरीने राहण्याचा अनुभव पार्क्स यांना तिथे मिळाला, आणि त्याचे मोल त्यांनी आयुष्यभर सांगितले.

पद्धतीची खरी कसोटी दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर लागली. मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेचा भाग वाचून दाखवावा लागे. बेटावरचे इसॉ जेन्किन्स यांनी ही अडचण हायलँडरमध्ये मांडली. शाळेच्या कर्जातून एक इमारत घेतली गेली: पुढे सहकारी दुकान, मागे वर्ग. 7 जानेवारी 1957 रोजी 14 जणांचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन केशरचनाकार होत्या, पेशाने शिक्षिका नव्हत्या, आणि त्यांची निवड मुद्दामच झाली होती. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे त्यांनी आधी विचारले. सही करणे, मनीऑर्डरचा फॉर्म भरणे, दूर असलेल्या मुलांची पत्रे वाचणे ही उत्तरे आली, आणि तोच अभ्यासक्रम झाला.

त्याच वर्षी शाळेच्या रौप्यमहोत्सवात काढलेले मार्टिन लूथर किंग यांचे छायाचित्र जॉर्जिया सरकारच्या एका आयोगाने ‘कम्युनिस्ट प्रशिक्षणशाळेतले’ म्हणून पत्रकात छापले. 31 जुलै 1959 रोजी शाळेवर धाड पडली. बियर विक्री आणि हॉर्टन यांचा खासगी लाभ अशी कारणे देऊन 1961 मध्ये सनद रद्द करण्यात आली, मालमत्तेचा लिलाव झाला. परंतु तोवर जॉन्स बेटावर सुरू झालेले हे नागरिकत्व वर्ग किंग यांच्या एससीएलसी संघटनेकडे सोपवले गेले होते. सेप्टिमा क्लार्क यांच्या देखरेखीखाली ते दक्षिणेत पसरले आणि त्या वर्गांत शिकलेली माणसे पुढे इतरांना शिकवू लागली. सरकारला इमारत जप्त करता आली. पण ज्या शाळेने आपले काम गावोगावच्या लोकांच्या हाती दिले, तिचे काम थांबवणे कोणत्याही निकालाला जमले नाही. म्हणूनच संघटना बांधू पाहणाऱ्यांनी हे कागद वाचावेत.